लागलेली लॉटरी आणि हातात पडलेली रक्कम

(वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, माझं सगळं आयुष्य लोकांची आयकर विवरणपत्रं भरण्यात गेलं. आज लॉटरीवर बोलायचं ठरवलं ते आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या दादांमुळे. त्यांना पाच लाखांचं बक्षीस लागलं आणि बँकेत साडेतीन लाख जमा झाले. दादा माझ्याकडे आले ते एक प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत बारा वर्षांची न लागलेली तिकिटं होती. वर्षावर्षाचा गठ्ठा वेगळा, प्रत्येक गठ्ठ्याला रबरबँड. काही तिकिटांवर इस्त्रीच्या कोळशाचे काळे ठसे उमटलेले. म्हणाले, "साहेब, ही चोवीस हजारांची तिकिटं आहेत. हा माझा खर्च. तो वजा करा आणि कापलेले दीड लाख परत मिळवून द्या. माझं उत्पन्न तीन लाखसुद्धा नाही, मला कसला टॅक्स?"

त्यांचा हिशेब व्यवहाराला धरून होता. दुकानदार मालाची किंमत विक्रीतून वजा करतोच की. पण लॉटरीच्या बाबतीत कायदा तसं करू देत नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ११५ बीबी आहे. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, दर मात्र तोच राहिला. लॉटरीच्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर, म्हणजे करावरचा आणखी छोटा कर. तिकिटांचा खर्च वजा होत नाही. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा या रकमेला लागत नाही. बारा लाखांपर्यंत कर नाही असं आपण ऐकतो, त्या सवलतीतूनही ही रक्कम बाहेर ठेवलेली आहे. इस्त्रीवाला असो की कारखानदार, बक्षिसाच्या पहिल्या रुपयावर दर एकच.

बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की देणाऱ्याने ३० टक्के कर, म्हणजे टीडीएस, कापूनच पैसे द्यायचे. दादांचे दीड लाख तसे गेले होते. पण टीडीएस कापताना उपकर धरलेला नसतो. दीड लाखाचे ४ टक्के म्हणजे सहा हजार. परतावा मागायला आलेल्या माणसाला मला सांगावं लागलं की दादा, अजून सहा हजार भरायचेत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी गठ्ठे एकेक करून पिशवीत परत ठेवले. त्यांची चूक काहीच नव्हती. त्यांना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मला राग येतो तो याचाच. बक्षिसाचा आकडा दुकानाच्या फलकावर हातभर अक्षरांत असतो. कराचा आकडा तितका मोठा कुठेच लिहिलेला नसतो.

आता मोठं बक्षीस घेऊ. केरळ सरकारने २०२२ च्या ओणम बंपरला, म्हणजे ओणम सणाच्या मोठ्या सोडतीला, पहिलं बक्षीस ठेवलं होतं २५ कोटींचं. तिकीट ५०० रुपयांचं. तिथे बक्षिसातले १० टक्के एजंटाचं कमिशन म्हणून आधी बाजूला निघतात. राहिले साडेबावीस कोटी. त्यावर ३० टक्के म्हणजे पावणेसात कोटी टीडीएस. विजेत्याच्या खात्यात आले १५ कोटी ७५ लाख. इथे बहुतेकांना वाटतं, झालं, संपला हिशेब. पण इतक्या उत्पन्नावर अधिभार, म्हणजे मोठ्या उत्पन्नाच्या करावरचा जादा कर, लागतो आणि तो विजेत्याने स्वतः भरायचा असतो. त्या वर्षी तो कराच्या ३७ टक्के होता. अधिभार आणि उपकर मिळून आणखी सुमारे २ कोटी ८७ लाख. शेवटी उरतात १२ कोटी ८८ लाखांच्या आसपास. आता नव्या करप्रणालीत अधिभार २५ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे एवढ्या मोठ्या बक्षिसावर एकूण कर ३९ टक्के. खात्यात दिसणारी सगळी रक्कम आपलीच समजून कुणी घर, जमीन, भाच्याचं लग्न यांत ती गुंतवली, तर विवरणपत्राच्या वेळी कोटींची रक्कम आणायची कुठून?

त्या बंपरची ६५ लाखांहून जास्त तिकिटं विकली गेली. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या होती साधारण ३१ लाख, नागपूरची २४ लाख. या दोन्ही शहरांतल्या तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाच्या हातात एकेक तिकीट दिलं तरी दहा लाख तिकिटं उरतात. त्या सगळ्यांतून एक. आठवड्याच्या साध्या सोडतीत दहा लाख तिकिटं असली आणि तुम्ही दहा वर्षं दर आठवड्याला एक घेतलंत, तरी पहिलं बक्षीस एकदा लागण्याची शक्यता साधारण १९२३ मध्ये एक.

दादा मला एक तिकीट दाखवत म्हणाले होते, "हे एका आकड्याने हुकलं." शेवटी ४ आला, त्यांच्याकडे ५ होता. ही हळहळ मी शेकडो जणांच्या तोंडून ऐकली आहे. पण सोडतीत ४ च्या शेजारी ५ बसलेला नसतो. ५ हुकला तसाच ९ हुकला, आणि तितकाच लांब. मागच्या निकालांचे तक्ते मांडून "हा आकडा बरेच दिवस आला नाही, आता येणारच" म्हणणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. आकड्यांना मागच्या सोडतीची आठवण नसते.

मटक्यात सिंगल आकड्याला दहात एक संधी आणि भाव एकाला नऊ, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत असायचं. आपल्या राज्य सरकारने १९६९ मध्ये लॉटरी सुरू केली तीच लोकांना मटक्यातून बाहेर काढायला. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यात तर स्पष्ट लिहिलं आहे की एका आकड्यावर बक्षीस ठेवायचं नाही, सोडत राज्याने स्वतः काढायची, एका लॉटरीची आठवड्यात एकाहून जास्त सोडत नको आणि वर्षात सहापेक्षा जास्त बंपर नकोत. रोज खेळायला लावणाऱ्या जुगारापासून माणसाला लांब ठेवायचा तो प्रयत्न आहे आणि मला तो मोलाचा वाटतो.

कर फक्त लागल्यावरच जातो असंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे, आणि तो तिकिटाच्या छापील किमतीतच धरलेला असतो. शंभराचं तिकीट घेतलंत की त्यातले साडेअठ्ठावीस रुपये कराचे.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, "मला मेसेज आला, पंचवीस लाख लागले, आधी टॅक्स भरा. ते खरं असतं का?" ताई, रोख बक्षिसाचा कर बक्षिसातूनच कापतात. तो आधी भरा असं कुणी म्हणत नाही. गाडी किंवा घर लागलं तर ताबा देण्याआधी कर भरलेला असावा लागतो हे खरं, पण तोही चलनाने सरकारच्या खात्यात जातो, कुणाच्या मोबाइल नंबरवर जात नाही. आणि परदेशी लॉटरीचं म्हणाल, तर तिचं तिकीट घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायलाच परकीय चलन कायद्याच्या नियमांनी मनाई आहे. जे तिकीट तुम्ही काढलंच नाही, त्याचं बक्षीस लागेल कसं? पैसे गेलेच असतील तर त्याच घटकेला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ती अडवता येते. ताईंनी मान हलवली आणि पर्समधून फोन काढून माझ्यासमोर धरला. मेसेज तासाभरापूर्वीच आला होता. पैसे अजून पाठवले नव्हते.