बिघडू लागलेली हार्ड डिस्क: आधी डेटा, मग निदान

नमस्कार श्रोतेहो.

वर्कस्टेशनमधली हार्ड डिस्क बिघडू लागली आहे हे वेळेत कसे ओळखावे, आणि ओळखल्यावर कोणती गोष्ट आधी व कोणती नंतर करावी, याविषयी मी आज बोलणार आहे. यातला दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बिघडू लागलेली डिस्क आणखी किती काळ वाचता येईल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिच्यात जी काही धुगधुगी शिल्लक असेल ती तपासण्यांवर खर्च न करता आपल्या फायली बाहेर काढण्यासाठी वापरली पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

बिघाडाचे पहिले लक्षण बहुधा मंदपणाचे असते, पण तो मंदपणा वेगळ्या जातीचा असतो. मेमरी अपुरी पडली किंवा एखादा प्रोग्राम प्रोसेसरला गुंतवून बसला, तर संगणक सरसकट रेंगाळतो. डिस्क बिघडत असेल तर तो बराच वेळ सुरळीत चालतो आणि मग एकाएकी थबकतो. माउसचा बाण हलत राहतो, पण उघडलेल्या विंडो दाद देत नाहीत, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला राहतो, आणि काही सेकंदांनी काहीच घडले नसावे अशा रीतीने काम पुढे सुरू होते. ठरावीक फोल्डर उघडतानाच असे होत असेल, किंवा कॉपी करताना दर वेळी त्याच फाइलपाशी गाडी अडत असेल, तर डिस्कवरचा संशय बळकट होतो.

त्या काही सेकंदांत आत काय चाललेले असते, ते समजून घेण्यासारखे आहे. डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीवरचा डेटा सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहिलेला असतो. जुन्या डिस्कांत हा तुकडा ५१२ बाइटचा असे, अलीकडच्या बहुतेक डिस्कांत तो ४०९६ बाइटचा असतो, आणि प्रत्येक सेक्टरसोबत चूक दुरुस्त करण्यासाठी लागणारा संकेतही लिहिलेला असतो. किरकोळ चुका डिस्क या संकेताच्या आधारे आतल्या आत सुधारते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चूक त्यापलीकडची असली, की डिस्क तोच सेक्टर पुन्हा वाचून पाहते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८ मिलिसेकंदांत पूर्ण होतो, म्हणजे आपला संगणक दहा सेकंद थांबला असेल, तर तेवढ्या वेळात तबकडी डेटा वाचणाऱ्या हेडखालून सुमारे १२०० वेळा फिरून गेलेली असते. साध्या डेस्कटॉप डिस्का असा प्रयत्न दीर्घ काळ सोडत नाहीत. रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून डेटा सुरक्षित ठेवण्याच्या रचनेसाठी, बनवलेल्या डिस्का मात्र साधारण ७ सेकंदांनी माघार घेऊन चूक कळवतात, कारण तो डेटा शेजारच्या डिस्कवरून मिळवता येतो. आपल्याला जाणवणारा खोळंबा म्हणजे डिस्कची ही चिकाटीच असते.

आवाजाचे लक्षण याहून गंभीर आहे. ठरावीक अंतराने टक्, टक् असा आवाज येऊ लागला, तर हेडला तबकडीवरच्या मार्गदर्शक खुणा सापडत नसून ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन नव्याने शोध घेत आहे, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. हा आवाज ऐकू आल्यावर संगणक बंद करावा आणि 'एकदा चालू करून बघू' हा मोह टाळावा.

आवाज नसेल, नुसता खोळंबा असेल, तर पुरावा ऑपरेटिंग सिस्टिमच्या नोंदींत शोधावा. या नोंदी आधीच लिहिलेल्या असतात, त्या पाहताना डिस्कवर जवळजवळ काहीच ताण येत नाही, आणि म्हणून सुरुवात तिथून करणे शहाणपणाचे असते. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिम या नोंदवहीत डिस्क या नावाने आलेल्या नोंदी पाहाव्यात. त्यांतली क्रमांक ७ ची नोंद खराब ब्लॉक सापडल्याचे सांगते आणि क्रमांक १५३ ची नोंद वाचण्या-लिहिण्याचे काम पुन्हा करावे लागल्याचे सांगते. लिनक्समध्ये कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदींत आयओ एरर असे शब्द, डिस्कचे नाव आणि सेक्टरचा क्रमांक मिळतो. हा सेक्टरचा क्रमांक लिहून ठेवावा. चार चुकांमध्ये तोच किंवा त्याच्या आसपासचा क्रमांक पुन्हा पुन्हा येत असेल, तर तबकडीच्या पृष्ठभागाचा एखादा भाग खराब झालेला असण्याची शक्यता मोठी असते. क्रमांक सर्वत्र विखुरलेले असतील आणि सोबत जोडणी तुटून पुन्हा जुळल्याच्या नोंदी असतील, तर डिस्कला दोष देण्याआधी केबल आणि वीजपुरवठा तपासायला हवा.

यानंतर स्मार्ट नावाच्या व्यवस्थेचे आकडे पाहावेत. डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवावी, ही व्यवस्था १९९० च्या दशकात रूढ झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक डिस्कमध्ये ती असते. हे आकडे पाहण्यासाठी लिनक्सवर स्मार्टसीटीएल आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो ही साधने प्रचलित आहेत. सर्वांत वर 'पास' असा एकूण निकाल दिसतो, आणि पुष्कळ लोक तेवढा पाहून निर्धास्त होतात. हे धोक्याचे आहे. तो निकाल उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादांवर बेतलेला असतो आणि त्या मर्यादा इतक्या सैल असतात, की वाचता न येणारे कितीतरी सेक्टर असलेली डिस्कही 'पास' ठरू शकते. म्हणून खालचे कच्चे आकडे एकेक करून वाचले पाहिजेत.

यातल्या प्रत्येक आकड्याला स्वतःचा क्रमांक असतो, आणि त्यांतला क्रमांक १९७ मी सर्वांत आधी पाहतो. ज्या सेक्टरचे वाचन फसले आहे, पण ज्याचा निकाल अजून लागलेला नाही, अशा प्रलंबित सेक्टरांची ही संख्या असते. डिस्क असा सेक्टर लगेच बदलून टाकत नाही, कारण त्यातला डेटा तिला अजून मिळालेला नसतो आणि खराब सेक्टरच्या बदली ठेवलेल्या राखीव सेक्टरमध्ये काय लिहावे हेच तिला ठाऊक नसते. त्या जागी नव्याने काही लिहिले जाईपर्यंत ती थांबते. नवे लिखाण नीट बसले तर तो सेक्टर प्रलंबित यादीतून निघतो. न बसल्यास त्याच्या जागी राखीव सेक्टर जोडला जातो आणि क्रमांक ५ चा आकडा वाढतो. म्हणजे ५ हा होऊन गेलेल्या बदलांचा हिशेब आहे, तर १९७ हा या घडीला अडकून पडलेल्या डेटाचा हिशेब आहे. त्यांच्या जोडीला १८७ आणि १९८ हे आकडेही दुरुस्त न झालेल्या चुका दाखवतात. याउलट सीगेटच्या अनेक डिस्कांवर क्रमांक १ आणि क्रमांक ७ पुढे कोट्यवधींचे आकडे दिसतात, आणि ते पाहून माणूस उगाच घाबरतो. त्या आकड्यांत एकूण किती वेळा वाचन किंवा हालचाल झाली ही संख्याही मिसळलेली असते, त्यामुळे ते मोठे असणे हे बिघाडाचे लक्षण नाही.

या आकड्यांवर किती भरवसा ठेवावा, याचे चांगले उत्तर गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिळते. त्यांनी एक लाखाहून अधिक डिस्का पाहिल्या. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक आढळलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक न आढळलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले, की बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी सर्वांत बोलक्या चार आकड्यांपैकी एकातही काही दाखवले नव्हते. तेव्हा आकडा वाढला तर तो गांभीर्याने घ्यावा, पण आकडे स्वच्छ आहेत म्हणून बॅकअपची गरज उरली नाही, असा निष्कर्ष काढण्यास काहीही आधार नाही.

केबलचा प्रश्न क्रमांक १९९ वरून सुटतो. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा किती वेळा बिघडला, हे तो सांगतो. हा आकडा कधीच मागे जात नाही, त्यामुळे तो शून्य नाही एवढ्यावरून काही ठरत नाही. तो वाढतो आहे का, हे पाहावे लागते. आजचा आकडा कागदावर लिहावा, संगणक बंद करून साटा केबल बदलावी, जमल्यास मदरबोर्डवरचा पोर्टही बदलावा, मग नेहमीचे काम करून आकडा पुन्हा पाहावा. तो जागचा हलला नसेल आणि खोळंबाही थांबला असेल, तर एक चांगली डिस्क फेकून देण्यापासून आपण वाचलो. कमजोर झालेला वीजपुरवठाही डिस्कच्या बिघाडाचे सोंग घेऊ शकतो, विशेषतः एकाच वायरवर अनेक डिस्का जोडलेल्या असतील तेव्हा.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९७, १९८ किंवा १८७ यांपैकी एखादा आकडा शून्याच्या वर गेला असेल आणि नोंदींत वाचनाच्या चुका असतील, तर पुढची कोणतीही तपासणी करण्याआधी डेटा दुसरीकडे हलवावा. नेमक्या या टप्प्यावर विंडोजमधल्या चेकडिस्क या आज्ञेला खराब सेक्टर शोधून दुरुस्ती करायला सांगण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्याला माझा ठाम विरोध आहे. ती आज्ञा फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंदव्यवस्था, सुधारण्यासाठी असते, डिस्क सुधारण्याची ताकद तिच्यात नाही. ती डिस्कचा कानाकोपरा वाचायला लावते, जिथे वाचन फसते तिथे डिस्क पुन्हा पुन्हा झगडते, आणि वरून त्याच डिस्कवर लिखाणही होते; ज्या नोंदी वाचता आल्या नाहीत त्या काढून टाकल्या गेल्या, तर एरवी वाचू शकल्या असत्या अशा फायलींचा मागही पुसला जातो. डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणे), अँटीव्हायरसचे पूर्ण स्कॅन आणि ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकणे, हे उद्योगही याच कारणासाठी या वेळी वर्ज्य समजावेत.

डिस्क अजून बरी चालत असेल, तर ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही अशा थोड्या, मोलाच्या फायली सर्वांत आधी कॉपी कराव्यात. त्यानंतर संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे सेक्टरनिहाय हुबेहूब प्रत, घ्यावी, आणि त्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे साधन उत्तम आहे. ते सोपा भाग आधी वाचून घेते, अडचणीची जागा आली की तिथे रेंगाळत न बसता पुढे निघून जाते, आणि कोणता भाग मिळाला व कोणता राहिला याची नोंद एका मॅप फाइलमध्ये करत राहते. मॅप फाइल जपून ठेवली, तर मध्येच वीज गेली किंवा डिस्क बंद पडली तरी काम सोडले तिथूनच पुढे चालू करता येते. राहिलेल्या कठीण जागांवर नंतरच्या फेऱ्यांत प्रयत्न होतो. इमेज ज्या डिस्कवर घ्यायची ती मूळ डिस्कपेक्षा लहान असून चालत नाही. आज्ञा देण्यापूर्वी दोन्ही डिस्कांचे अनुक्रमांक त्यांच्यावरच्या लेबलशी ताडून पाहावेत, कारण उगम आणि गंतव्य यांची अदलाबदल झाली तर रिकाम्या डिस्कचा मजकूर आपल्या डेटावर लिहिला जाईल. दुरुस्तीचे जे काही प्रयोग करायचे, ते या इमेजच्या आणखी एका प्रतीवर करावेत.

डिस्क फिरतच नसेल, संगणकाला दिसत नसेल किंवा टक् टक् आवाज करत असेल, तर घरगुती उपाय थांबवावेत. तिचे झाकण उघडू नये, कारण हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते आणि धुळीचा साधा कणही त्यापुढे डोंगराएवढा ठरतो. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा जुना उपायही करू नये. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव जमते आणि उरलीसुरली आशा संपते. डेटा मोलाचा असेल तर अशी डिस्क स्वच्छ कक्ष असलेल्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेतच द्यावी.

तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणाऱ्या एसएसडीच्या बाबतीत आवाज नाही, तबकडी नाही आणि अनेकदा पूर्वसूचनाही नाही. ती काल चालू होती आणि आज दिसतच नाही, असे घडू शकते. तिच्या आकड्यांत झीज किती टक्के झाली, राखीव जागा किती उरली आणि माध्यमातल्या चुका किती, हे पाहावे. क्रम मात्र तोच पाळावा.

डेटा सुरक्षित हाती आला, त्यातल्या काही फायली प्रत्यक्ष उघडून खात्री केली, की मग डिस्कची दीर्घ स्वचाचणी खुशाल चालवावी. मोठ्या डिस्कवर ती कित्येक तास चालते, आणि चूक सापडल्यास पहिल्या खराब जागेचा क्रमांक देते. त्यानंतर संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहून आकडे पुन्हा पाहता येतात. १९७ शून्यावर आला आणि ५ जागचा हलला नाही, तर लिहिताना वीज गेल्यामुळे तो सेक्टर अर्धवट राहिला होता, असेही असू शकते. दोन्ही आकडे वाढत राहिले, तर ती डिस्क कामातून गेली. पहिल्या प्रकारची डिस्कसुद्धा मी एकमेव प्रत ठेवण्यासाठी वापरणार नाही.

डिस्क टाकून देताना किंवा वॉरंटीत परत पाठवताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या सेक्टरांच्या जागी राखीव सेक्टर जोडले गेले, ते जुने सेक्टर तबकडीवर जसेच्या तसे राहतात, आणि शून्ये लिहिण्याची साधी पद्धत त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. डिस्कवर गोपनीय मजकूर असेल आणि ती पहिल्यापासून एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर ती परत न पाठवता तिच्या तबकड्या नष्ट करणेच योग्य होय.