मागचा हॉर्न का वाजवत नाही?

(पडद्यावर: चौक. सिग्नल हिरवा झालाय, पण सगळ्यांत पुढची गाडी जागची हलत नाही.)

सिग्नल हिरवा झाला, पुढची गाडी मात्र ढिम्म. तुम्ही तिच्या मागे अडकलात. हॉर्नवर हात किती वेळात जाईल?

पुढे कोणती गाडी उभी आहे, त्यावर ते ठरतं. अँथनी डूब आणि ॲलन ग्रॉस या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो आणि मेन्लो पार्कच्या रस्त्यांवर नेमकं हेच करून पाहिलं. १९६८ मध्ये त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कधी चौकात चकचकीत, काळी क्रायस्लर इंपीरियल उभी करायची, कधी गंजलेली जुनी फोर्ड किंवा कुणाच्या नजरेत न भरणारी रॅम्बलर. दिवा हिरवा झाला तरी चालकाने हलायचं नाही. मागच्याने हॉर्न कधी वाजवला, किती वेळा वाजवला, ते घड्याळ लावून टिपायचं.

जुनाट गाडीमागच्या ८४ टक्के लोकांनी हॉर्न वाजवला. इंपीरियलमागच्या ५० टक्क्यांनी. म्हणजे निम्मे लोक मुकाट बसून राहिले. जुन्या गाडीच्या मागे असलेल्या दोघांनी तर हॉर्नचीही वाट पाहिली नाही, सरळ तिच्या बंपरला धक्का दिला.

पण या प्रयोगातली खरी गंमत रस्त्यावर नाही, कागदावर आहे. विद्यार्थ्यांना नुसतंच विचारलं होतं, तुम्ही अशा वेळी काय कराल? त्यांतले मुलगे म्हणाले, महागड्या गाडीवर आम्ही आधी हॉर्न वाजवू. बोलताना सगळेच शूर. गाडीचा रुबाब आपल्यावर चालतो हे कबूल करायला कुणी तयार नसतं, आणि तो चालतो म्हणूनच लोक त्यासाठी पैसे मोजतात.

(पडद्यावर: जुन्या मोटारींच्या जाहिराती, एकामागून एक.)

ही भूक माणसाची आहे, पण तिला शिस्तीत वाढवलं ते कारखान्यांनी. हेन्री फोर्डची मॉडेल टी बरीच वर्षं एकाच रंगात मिळायची, काळ्या. गाडी स्वस्त, दणकट आणि सगळ्यांची सारखी. आता सगळ्यांची सारखी असेल, तर चारचौघांत मिरवायचं काय? १९२० च्या दशकात जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी हे बरोबर हेरलं. त्यांनी ब्रँडांची चक्क उतरंड लावली: खाली शेव्हरले, मग पाँटियाक, ओल्ड्समोबिल, ब्यूक आणि सगळ्यांत वर कॅडिलॅक. पगार वाढला की गाडी बदला. शेजाऱ्याला न सांगताच कळेल. वर दरवर्षी नवं रूप, म्हणजे कालची गाडी आज आपोआप जुनी दिसणार.

१९४८ च्या कॅडिलॅकला मागे दोन छोटे पंख आले. जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ले अर्ल यांच्या रचनाकारांना ते पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचले होते. गाडी उडणार नव्हती आणि पंखांना दुसरंही फारसं काम नव्हतं. तरी इतरांनी ते उचलले, मग कॅडिलॅकने आणखी उंच केले, आणि १९५९ पर्यंत ते इतके वाढले की आज ती गाडी पाहताना हसू येतं. पण त्या काळच्या खरेदीदाराला हसू नका. सायलेन्सरला एकाऐवजी चार टोकं लावणाऱ्या आजच्या गाड्या काही वेगळं करत नाहीत.

शेजारी हा यातला मोठा घटक. नेदरलँड्समध्ये पोस्टाच्या पिनकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. जो कोड निघेल, तिथल्या तिकीटधारकांना रोख रक्कम, आणि एकाला नवी बीएमडब्ल्यू. संशोधकांनी या घरांचा अभ्यास केला, तो २०११ मध्ये छापून आला. जिंकलेल्यांच्या अगदी शेजारी राहणारे, ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, तेही नंतरच्या काळात इतरांपेक्षा जास्त प्रमाणात गाड्या घेताना दिसले. खिशात एक पैसा आला नव्हता, फक्त शेजारच्या दारासमोरचं दृश्य बदललं होतं. आणि ज्यांना बक्षीस लागलं, ते सहा महिन्यांनी पूर्वीपेक्षा काही जास्त सुखी आढळले नाहीत.

(पडद्यावर: जमिनीला टेकलेली, लालभडक शेव्हरले इंपाला. कॅमेरा रंगाच्या अगदी जवळ.)

इथपर्यंत विषय पैशाचा होता. गाडी मॉडिफाय करणाऱ्यांकडे आलं की हिशोब बदलतो. आणि खरं सांगायचं तर, शोरूममधून रुबाब उचलून आणणाऱ्यापेक्षा या मंडळींबद्दल मला जास्त आदर आहे.

हा रंग नीट पाहा. खाली चंदेरी थर, वर पारदर्शक लाल थरांवर थर. मधेमधे घासायचं, पुसायचं, पुन्हा फवारायचं. उजेड वरच्या थरांतून आत जातो, चंदेरीवर आपटून परत येतो, म्हणून रंग ओला असल्यासारखा भासतो. एक धूळकण बसला की तेवढा भाग पुन्हा पहिल्यापासून.

ही लोरायडर. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी ती घडवली. नवी गाडी परवडत नव्हती, म्हणून जुनी घ्यायची आणि ती अशी सजवायची की नवीवाल्याने मान वळवावी. इतरांची गाडी उंच आणि वेगवान, तर आमची जमिनीलगत आणि संथ. घाई कसली? लोकांना पाहू दे की.

सरकारला ते रुचलं नाही. चाकांच्या रिंगच्या तळापेक्षा गाडीचा कुठलाही भाग खाली आणायचा नाही, असा कायदा कॅलिफोर्नियात १९५८ पासून लागू झाला. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे या तरुणाने विमानातले जुने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले. बटण दाबलं की गाडी खाली, पोलीस दिसला की वर. पुढे डिकीत बॅटऱ्यांची रांग बसवून गाड्या उड्या मारायला लागल्या. त्या काळातल्या पळवाटेची आजची कला झाली आहे. गावोगावी अशा गाड्यांच्या संथ फेऱ्यांवर बंदी होती, ती राज्याने २०२३ मध्ये कायदा करून काढून टाकली.

इथे पैशापेक्षा हात आणि वेळ बोलतात. पण एक अट आहे: बघणाऱ्याला ते वाचता आलं पाहिजे. ज्याला रंगातलं कळत नाही, त्याच्यासाठी ती नुसती लाल गाडी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर मित्रांना मर्दानी वाटतो, शेजारच्या आजारी माणसाला छळ.

या वाचता येण्याचेही प्रकार आहेत. टोयोटा प्रियस या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या. होंडाची हायब्रिड सिव्हिक साध्या सिव्हिकसारखीच दिसायची. प्रियस मात्र लांबूनच वेगळी, म्हणून ‘मी पर्यावरणाची काळजी घेतो’ ही पाटी तिला न लावताच लागली. साधेपणाही मिरवता येतो. उलट टोकाला, काही महागड्या जर्मन गाड्या घेताना मॉडेलचा बिल्ला काढून टाका म्हणून सांगणारे ग्राहक असतात, आणि मधल्या इंजिनाच्या गाडीवर वरच्या मॉडेलचा बिल्ला चिकटवणारेही असतात. पहिल्याला ओळखणारे थोडेच हवेत, दुसऱ्याला सगळे.

(पडद्यावर: रिकामा महामार्ग, एकच गाडी.)

आणि कुणीच बघत नसेल तेव्हा? माँट्रियलमध्ये ३९ तरुणांना पोर्शे आणि जुनी टोयोटा कॅमरी अशा दोन्ही गाड्या चालवायला दिल्या, गजबजलेल्या भागात आणि मोकळ्या महामार्गावरही. लाळेतल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची मोजणी केली. पोर्शेत ते वाढलं, आणि वाढण्यासाठी गर्दी लागलीच असं नाही. आतला प्रेक्षक पुरला.

विजेच्या गाड्या आल्यावर हे सगळं संपेल असं काहींना वाटलं होतं. इंजिन नाही, गिअर नाही, गुरगुर नाही. ह्युंदाईने आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत नसलेल्या इंजिनाचा आवाज घातला, नसलेले गिअर बदलल्याचा हिसकाही दिला. या आवाजासाठी दहा स्पीकर आहेत. आठ आत, दोन बाहेर. आतले आठ चालकासाठी. बाहेरचे दोन कुणासाठी, ते सांगायला नको.