कच्चा लिंबू नको, बरोबरीचा गडी हवा

नमस्कार, श्रोतेहो.

लपंडावात धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' म्हणून घेतात. त्याच्यावर कधी राज्य येत नाही. दोन दिवस त्याला मजा वाटते, मग ते हट्टाला पेटतं, "मला पण खरं खरं खेळायचंय!" मुलांसाठी गणिताचे खेळ करणाऱ्यांनी हा हट्ट मनावर घ्यावा, असं मला फार वाटतं. नुसतं सोपं करून दिलं म्हणजे मूल खेळात आलं असं होत नाही.

ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर छान तोड काढली. त्यांनी संगणकावरचा एक खेळ केला, त्याच्या डच नावाचा अर्थ 'गणिताची बाग'. बुद्धिबळातलं एलो रेटिंग तुम्ही ऐकलं असेल, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, जिंकलं की वाढणारा, हरलं की उतरणारा. अर्पाड एलो यांची ही पद्धत फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, १९७० मध्ये स्वीकारली. या बागेत मुलाला रेटिंग असतंच, पण प्रत्येक गणितालाही असतं! 'सात आठे किती?' हा जणू समोर बसलेला खेळाडू. मूल जिंकलं की त्याचं रेटिंग वाढतं, गणिताचं उतरतं. पुढचं गणित असं निवडायचं, की साधारण चारांतली तीन बरोबर यावीत. कुणाला आणखी सोपं हवं तर दहांतली नऊ, जरा अवघड हवं तर सहा. ते मुलानंच ठरवायचं.

पडद्यावर नाण्यांची रांग असते. दर सेकंदाला एक नाणं नाहीसं होतं. बरोबर उत्तर दिलं की उरलेली नाणी मिळतात, चुकलं तर तेवढीच कापली जातात. म्हणजे उगाच ठोकून दिलेलं उत्तर महागात पडतं. पण प्रश्नचिन्हाचं एक बटण आहे, 'मला येत नाही' म्हणायला. ते दाबलं तर काहीच जात नाही. मला या सगळ्यात हे बटण सर्वांत मोलाचं वाटतं.

शेजारी शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकीसमोर सहा अधिक सात येतं, दुसऱ्यासमोर चौऱ्याऐंशी भागिले सहा. दोघांचीही चारांतली तीनच बरोबर येतात, आणि दोघंही सारखीच रंगलेली असतात.

तुमच्या घरी मोबाइलवर असा खेळ असेल, तर आज दहा मिनिटं लेकराशेजारी बसा. ओळीनं दहा बरोबर आल्यावरही गणितं तशीच येतात का, बघा. लागोपाठ दोन चुकल्यावर खेळ काय करतो, तेही बघा. आणि 'मला येत नाही' म्हणायची सोय त्यात आहे का, हे आधी शोधा.