जागा लागते, ती का?

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात श्रावणात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिला आहे: बुरशी, वनस्पती आणि जिवाणू यांचे बीजाणू. तिन्हींचं सांगणार आहे. पण सुरुवात करते ती नाल्याकाठच्या बाभळीपासून. इथं बसलेल्या निम्म्या लोकांनी लहानपणी ऐकलं असेल, 'तिकडं ढोरं नेऊ नोका, तिथली जागा लागते.' म्हणजे तिथं गेलं की बाधा होते. ऐकलंय ना? हात वर करा. हं, म्हातारे सगळे आहेत, पोट्टे एकमेकांकडं पाहताहेत.

१९७२, दुष्काळाचं वर्ष. मी चौथीत होते. आमचा पवळ्या बैल रात्री कडबा खाऊन बसला आणि पहाटे मेलेला सापडला. आदल्या दिवशी औताला होता. पोट टम्म फुगलेलं, नाकातोंडातून डांबरासारखं रक्त, आणि ते रक्त काही केल्या गोठेना. आजीनं लांबूनच पाहिलं. म्हणाली, "फाशी झाली त्याले. कोणी हात लावू नोका." फाशी म्हणजे काळपुळी, डॉक्टर ज्याला अँथ्रॅक्स म्हणतात तो. फऱ्या वेगळा, ज्याला आपण एकटांग्या म्हणतो. त्याचेही जिवाणू बीजाणू करतात, पण ते आज राहू द्या.

बाबांनी तालुक्याहून जाणकार म्हणून एक माणूस आणला. कोण, कुठला, ते सांगणार नाही. त्यानं कारण बघायचं म्हणून पवळ्याला नाल्याकाठी ओढत न्यायला लावलं आणि बाभळीखाली चिरलं. मग कातडंही निघालं. जोडी मोडली, निदान कातड्याचे चार पैसे येतील, हा हिशोब आमच्याच घरातला होता. तो मी लपवत नाही. पण ज्याला कळायला हवं होतं त्यानंच सुरी लावली, याचा राग माझ्या मनातून पन्नास वर्षांत गेलेला नाही. कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं असतं तर निदान झालं असतं.

त्या सुरीनं काय केलं ते ऐका. मेलेल्या जनावराच्या बंद शरीरात प्राणवायू नसतो. तिथं या जिवाणूला बीजाणू करता येत नाहीत, आणि सडवणारे दुसरे जिवाणू काही दिवसांत त्याचा निकाल लावतात. शरीर फाडलं की हवा लागते. हवा लागली की प्रत्येक जिवाणू आपल्या पोटात एक टणक गोळी तयार करतो आणि वरचं शरीर सोडून देतो. तो बीजाणू. आतलं पाणी बरंच कमी केलेलं, त्यात कॅल्शियमची भर, वरून आवरणावर आवरण. खात नाही, वाढत नाही, नुसता पडून राहतो. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं सांगणं मात्र नेमकं होतं.

दोन पावसाळ्यांनी शेजारच्या काकांची गाय तिथं चरली आणि तशीच गेली. रक्त कोणी तपासलं नाही, म्हणून मी पुरावा म्हणत नाही. गावानं मात्र निकाल दिला: जागा लागते. पुढं मी विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा एका प्रशिक्षणात मोठ्या पाहुण्यांनी हेच वाक्य अंधश्रद्धेचा नमुना म्हणून फळ्यावर लिहिलं. मी उठून बोलले. वेळ नाही म्हणून बसवलं. आज वाचनालयानं वेळ दिला, म्हणून मुद्दाम सांगते. बाभळीवर भूत आहे, ही अंधश्रद्धा. जागा लागते, हे निरीक्षण आहे.

फ्रान्समधले शेतकरीही असंच म्हणत. काही शेतांत मेंढ्या वर्षानुवर्षं मरायच्या, त्यांना ते शापित शेतं म्हणायचे. लुई पाश्चर त्यांना हसले नाहीत. त्यांनी पुरलेल्या मेंढ्यांवरची माती पाहिली, तिथल्या गांडुळांच्या विष्ठेत त्यांना हे बीजाणू सापडले. गांडूळ खालचं वर आणतं, हे तुम्हाला मी काय सांगू! त्याआधी १८७६ मध्ये रॉबर्ट कॉख या खेड्यातल्या डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली या जिवाणूंच्या धाग्यांत चमकते मणी तयार होताना पाहिले होते. आणि स्कॉटलंडजवळचं ग्रुइनार्ड बेट. युद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, ब्रिटिशांनी तिथं मेंढ्यांवर या रोगाचा प्रयोग केला. बेट बंद झालं ते १९९० पर्यंत, तेही जमीन फॉर्मलिन या जंतुनाशकानं धुऊन काढल्यावर. अठ्ठेचाळीस वर्षं एक अख्खं बेट 'लागत' होतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. दहा मिनिटं? बरं, सात.

आता मूळ मुद्दा. 'बीजाणू' या शब्दात बीज आहे, म्हणून मुलं लिहितात की जिवाणू बीजाणूंनी पुनरुत्पादन करतात. करत नाहीत. एका जिवाणूचा एकच बीजाणू, त्यातून पुन्हा एकच जिवाणू. संख्या तेवढीच राहते. ते तग धरणं आहे. साधं उकळून ते मरत नाहीत, म्हणून दवाखान्यातली उपकरणं दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटं तरी ठेवतात.

बुरशीचं उलट. तिथं बीजाणू म्हणजे खरंच प्रजा, आणि तीही बेसुमार. ज्वारीची काणी घ्या, हा बुरशीचाच रोग. दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली असते, ती सगळी बीजाणूंची. मळणीत दाणा फुटतो, भुकटी चांगल्या बियाण्याला चिकटते आणि पेरणीत त्याच्यासोबतच रुजते. किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं ते यासाठी. गव्हाचा तांबेराही बुरशीचाच रोग, पण त्याचे बीजाणू आपल्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. मग दरवर्षी येतो कुठून? थंड डोंगरांतून, वाऱ्यावर. आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहतांनी वर्षानुवर्षं खपून हे दाखवलं. मध्य भारतात खोडावरचा तांबेरा निलगिरीकडून येतो.

वनस्पतींचं घाईत सांगते. चिखलदऱ्याला नेच्याचं पान उलटून पाहा, तपकिरी ठिपके दिसतील. त्यात बीजाणूंच्या पिशव्या असतात. पिशवीभोवतीचं कडं वाळताना मागं ताणलं जातं आणि गोफणीसारखं सुटतं. बी निघते ती गर्भ आणि शिदोरी घेऊन. हा निघतो एकटा, एका पेशीचा, जवळ नावापुरतं. ओल मिळाली तर त्यातून नखाएवढं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं हिरवं पान होतं, त्यावर नर-मादी पेशी जुळतात, मग खरा नेचा उगवतो. म्हणजे नेच्यात बीजाणू हा दोन पिढ्यांमधला सांधा आहे.

राहिलं लसीचं. फाशीची लस पावसाळ्याच्या आधी टोचून घ्या. त्या बाटलीतही बीजाणूच असतात, दुबळ्या केलेल्या जातीचे, जिवंत. आणि ढोर अचानक मेलं, नाकातून काळं रक्त आलं, तर चिरू नका, सोलू नका, ओढत नेऊ नका. पशुवैद्यकाला बोलवा आणि त्यांच्या देखत जाळा, नाहीतर चुना टाकून खोल पुरा.

आता हा कागद. भाच्यानं काल चंद्रपूरकडून सात्या, म्हणजे रानातली अळंबी, आणल्या. अळंबी ही बुरशीच. एका सातीची टोपी रात्री कागदावर ठेवली, वर वाटी झाकली. सकाळी टोपी उचलली तर खाली गुलाबीसर रेषांचं चक्र उमटलेलं. ती रेष न् रेष म्हणजे बीजाणू. पहिल्या रांगेपासून फिरवा. फुंकर मारू नका, मागच्यांनाही पाहायचं आहे.