व्हीआर हेडसेट घेताना: आधी पट्टी, मग पाकीट

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टी लागली की घरातल्या पोरांची एक मागणी हल्ली हमखास असते, व्हीआर हेडसेट पाहिजे, म्हणजे डोळ्यांवर बांधली की संगणकानं उभं केलेलं जग चारी बाजूंना दाखवणारी पेटी. बेळगावच्या खडेबाजारात चौकशी करा नाहीतर मोबाइलवर शोधा, किंमत पाचशे रुपयांपासून लाखाच्या वर जाते आणि खोक्यावरचं चित्र मात्र सगळीकडं जवळपास तेच. डोळ्यांवर काळी पेटी आणि तोंडावर आनंद. त्यामुळं माणूस साहजिकच मधला मार्ग धरतो. फार स्वस्त नको, फार महाग नको, चार-पाच हजारांतला बघूया. नेमके तिथेच पैसे वाया जातात.

कारण या मालाच्या जाती मुख्यतः दोनच. पहिल्या जातीत दोन भिंगं, एक पट्टा आणि तुमचा मोबाइल ठेवायला कप्पा. पडदा मोबाइलचा, डोकं मोबाइलचं, पेटीत स्वतःचं काहीच नाही. दुसऱ्या जातीत पडदा, प्रोसेसर, बॅटरी आणि आजूबाजूला बघणारे कॅमेरे हेडसेटच्याच आत असतात. चार-पाच हजारांच्या पेटीला हेडफोन जोडलेला असतो, वर एखादा रिमोट मिळतो, पण जात पहिलीच राहते. मधली जात नाही.

फरक कसा कळतो ते सांगतो. समजा आपल्या बेळगावजवळच्या राजहंसगडाची संगणकावर उभी केलेली प्रतिकृती आहे आणि तुम्ही तिच्या तटावर उभे आहात. मोबाइलच्या पेटीत मान वळवली की चारी बाजूंचा मुलूख दिसतो, इथपर्यंत ठीक. पण तटाखाली बघायला पुढं वाकलात तर अख्खा गडच तुमच्याबरोबर पुढं सरकतो. मोबाइलला मान वळलेली कळते, पाऊल पडलेलं कळत नाही. डोळे सांगतात हललो नाही, कानातला तोल सांगतो हललो, आणि या भांडणातून मळमळ सुरू होते. दुसऱ्या जातीचा हेडसेट कॅमेऱ्यांनी खोली बघून तुमचं पाऊल मोजतो, म्हणून तिथं खरोखर वाकून बघता येतं.

आता बजेट दोन हजारांच्या आत असेल तर मोबाइलची पेटी घ्या, पण फक्त ३६० अंशांचे, म्हणजे चारी बाजूंचं दाखवणारे व्हिडिओ बघायला. गूगलनं कार्डबोर्ड नावाची पुठ्ठ्याची पेटी २०१४ साली आणली आणि २०२१ मध्ये तिची विक्री थांबवली. सॅमसंगचा गिअर व्हीआरही बंद झाला. त्यामुळं या पेट्यांसाठी नवं काही फारसं निघत नाही. जिओचा जिओडाइव्ह हेडसेट २०२३ मध्ये १,२९९ रुपयांना आला होता, त्याच्या आसपासची किंमत या जातीला पुरे. त्याहून जास्त मोजू नका.

पेटी घेण्याआधी मोबाइल तपासा. यूट्यूबवर ३६० अंशांचा व्हिडिओ लावा आणि मोबाइल हातात धरून गोल फिरा. चित्र तुमच्याबरोबर वळलं तर आत जायरोस्कोप, म्हणजे वळणं ओळखणारा भाग आहे. बोटानं सरकवल्याशिवाय वळत नसेल तर नाही, आणि मग कुठलीही पेटी आणली तरी उपयोग शून्य. स्वस्त मोबाइलमध्ये हा भाग बऱ्याचदा नसतो.

पेटी घरी आली की तिच्यावरचा क्यूआर कोड कार्डबोर्ड ॲपमधून स्कॅन करा. त्यानं भिंगांचं माप मोबाइलला कळतं, नाहीतर सरळ भिंतीसुद्धा वाकड्या दिसतात. पडद्यावरची मधली रेघ पेटीच्या मधोमध आली पाहिजे. ती दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी एकाच्या दोन वस्तू दिसतात. कप्प्याची पकड आवाजाच्या बटणावर येत नाही ना, तेही बघा. मागचं कव्हर काढा, व्हिडिओ आधी डाउनलोड करून मोबाइल डेटा बंद ठेवा, कारण बंद कप्प्यात मोबाइल तापतो आणि तापला की चित्र अडखळतं. चित्र मच्छरदाणीतून बघितल्यासारखं दिसलं तर तो पेटीचा दोष नव्हे. मोबाइलचा एकच पडदा दोन डोळ्यांत वाटला जातो आणि भिंग त्याचे ठिपके मोठे करून दाखवतं.

खरे खेळ, शरीरशास्त्राचे किंवा यंत्रांचे धडे हवे असतील तर दुसरी जातच घ्या, आणि पैसे साठेपर्यंत थांबा. मेटा कंपनीचा क्वेस्ट ३एस हेडसेट २०२४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत २९९ डॉलरला आला. क्वेस्ट ३ त्याच्या वर्षभर आधी ४९९ डॉलरला आला होता. दोन्हींचा प्रोसेसर एकच, त्यामुळं एकावर चालणारा खेळ दुसऱ्यावरही चालतो. फरक आहे तो भिंगांत आणि पडद्यात. ३एसची फ्रेनेल, म्हणजे गोल कंगोऱ्यांची भिंगं मधोमध स्वच्छ दाखवतात, पण कडेला पुसट होतात आणि काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती उजेडाचे फराटे दिसतात. क्वेस्ट ३ ची पॅनकेक, म्हणजे एकावर एक रचलेली चपटी भिंगं कडेपर्यंत स्वच्छ असतात. खेळापुरता हवा असेल तर ३एस पुष्कळ झाला. बारीक अक्षरं वाचायची असतील, आकृत्या बघायच्या असतील, तर क्वेस्ट ३ चे जादा पैसे वसूल होतात. घरात सोनीचं प्लेस्टेशन ५ हे खेळयंत्र असेल तरच त्याला जोडून चालणाऱ्या प्लेस्टेशन व्हीआर २ चा विचार करा. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये ३,४९९ डॉलरला आला, तो घरगुती हिशेबात बसत नाही.

पण पाकीट काढण्याआधी पट्टी काढा. दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं. आरशापासून वीतभर लांब उभं राहा, पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटा आणि शून्याची खूण डाव्या बुबुळाच्या मध्यावर आणा. मग मान न हलवता डावा डोळा मिटून उजव्या बुबुळासमोरचा आकडा वाचा. तीनदा मोजा. बहुतेक मोठ्या माणसांचं अंतर ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. चष्म्याच्या दुकानात पीडी विचारलात तरी हाच आकडा सांगतील. क्वेस्ट ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच खाचा आहेत. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून मधे कुठेही थांबता येतं, आणि मेटाच्या म्हणण्यानुसार तो ५३ ते ७५ पर्यंतच्या डोळ्यांना चालतो. तुमचा आकडा ७२ असेल तर ३एस कितीही स्वस्त मिळाला तरी डोकं दुखू शकतं.

पट्टी हातात आहे तोवर सोपाही मोजा. चालत-फिरत खेळायला साधारण साडेसहा फूट लांब, साडेसहा फूट रुंद मोकळी जागा लागते. आणि वर बघा. खेळात हात वर जातात, त्यांना पंख्याची पाती किंवा कौलारू घरातली तुळई लागू शकते. एवढी जागा नसेल तर खुर्चीवर बसून खेळण्याचे खेळ निवडा. कॅमेऱ्यांना उजेड लागतो. संध्याकाळी लाइट गेली की हेडसेट बॅटरीवर चालू राहतो, पण अंधारात त्याला खोली नीट दिसेलच असं नाही आणि खेळ थांबू शकतो. बॅटरीही दोन-अडीच तासांचीच.

दुबईहून येणाऱ्या पाहुण्याकडून मागवणार असाल तर वॉरंटी कुठल्या देशात चालते ते आधी विचारा. इथल्या विक्रेत्याकडून घेताना जीएसटीचं बिल घ्या आणि वॉरंटी कंपनीची आहे की फक्त दुकानाची, ते बिलावरच लिहून घ्या. जुना हेडसेट असेल तर विकणाऱ्यासमोर चालू करा, त्याचं खातं काढून पूर्ण रीसेट करायला लावा. भिंगं उजेडात तिरकी धरून चरे बघा. कंट्रोलर, म्हणजे हातात धरायचे रिमोट, टेबलावर ठेवा. हात न लावता पडद्यावरची खूण सरकत असेल तर त्याची अंगठ्यानं फिरवायची काडी झिजली आहे.

लहान मुलांबद्दल एक सांगायलाच हवं. मेटाच्या नियमानं वय किमान दहा, आणि तेरापर्यंत खातं आईवडिलांच्या देखरेखीखाली. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं पुरेत. मळमळलं की तिथेच काढायचं, सवय होईल म्हणून रेटायचं नाही.

चष्मा असेल आणि डब्यात स्पेसर, म्हणजे भिंग चष्म्यापासून लांब ठेवणारी चौकट मिळाली असेल, तर ती बसवा, नाहीतर चष्मा भिंगाला घासतो आणि तो चरा कायमचा. भिंग कोरड्या मायक्रोफायबर कापडानंच पुसा, सॅनिटायझर नको. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात हेडसेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, नाहीतर फोमला वास येतो आणि भिंगावर बुरशी धरते.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक उन्हाची. हेडसेटची भिंगं म्हणजे भिंगंच, त्यांतून शिरलेलं ऊन आतल्या पडद्यावर एका ठिपक्यात गोळा होतं आणि काही मिनिटांत तिथं कायमचा डाग पडतो. आपल्याकडं कौलात एखादं काचेचं कौल असतं, त्यातून पडणारा कवडसा दिवसभर घरात फिरत असतो. सकाळी टेबलाच्या पायाशी असलेला दुपारी टेबलावर येतो. म्हणून हेडसेट कुठं ठेवायचा हे ठरवताना एक दिवस त्या कवडशावर नजर ठेवा, सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला. तो कुठंच पोचत नाही ते कपाट निवडा, आणि तिथंही भिंगांवर कापड टाकूनच ठेवा.