नोटीस कोणाला कळायला हवी?

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीला एक नोटीस वाचून दाखवतो. नाव-गाव काढलंय, मजकूर तुम्ही कुठल्याही तालुक्यात वाचाल तसाच आहे.

"उपरोक्त संदर्भीय अर्जान्वये आपणास याद्वारे सूचित करण्यात येते की, प्रस्तुत प्रकरणी विहित मुदतीत हरकत प्राप्त न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल."

यात इंग्रजीचा एक शब्द नाही. १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाच्या नजरेनं बघितलं तर कागद निर्दोष आहे. आता मला सांगा, अर्ज कोणी केलाय? कशासाठी? हरकत द्यायची कुठं आणि किती दिवसांत?

ही वारसनोंदीची नोटीस आहे. लग्न होऊन अक्कलकोटला गेलेल्या एका बहिणीला पाठवायची आहे असं धरू. तिला सांगायचं होतं ते एवढंच: "तुमच्या वडिलांच्या जमिनीवर फक्त तुमच्या भावांची नावं लावावीत, असा अर्ज आला आहे. मान्य नसेल तर ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करू शकतात."

सरकारी मराठीची थट्टा करताना आपण 'विहित'सारख्या शब्दांवर हसतो. पण 'विहित मुदतीत' खोडून 'ठरलेल्या मुदतीत' लिहिलं, तरी त्या बहिणीला काय कळलं? पंधरा दिवस हा आकडा तिथं नव्हताच. कार्यालयाचा पत्ता नव्हता. 'कार्यवाही करण्यात येईल', पण करणारा कोण ते वाक्यात सापडत नाही. उद्या दाद मागायची तर बोट कोणाकडे दाखवणार? शब्द बदलणं सोपं काम आहे. ही माहिती कागदावर आणणं अवघड, कारण ती आली की कोणीतरी तिला बांधलं जातं.

मी महसुलात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजूही सांगतो. कारकून मुद्दाम अवघड लिहीत नाही. तो जुनी नस्ती, म्हणजे फाईल, उघडतो, मागच्या नोटिशीचा मसुदा उतरवतो आणि नाव व तारीख बदलतो. जुन्या मसुद्यावर साहेबांची सही झालेली असते, म्हणून तो सुरक्षित. नव्यानं, बोलल्यासारखं लिहिलं की मसुदा परत येतो: "ही काय भाषा आहे?" म्हणून मी म्हणतो, सोप्या भाषेची सक्ती हवी ती आधी या कारकुनासाठी. "साहेब, नियमच आहे," असं म्हणायला त्याच्या हातात काहीतरी पाहिजे की हो!

असे कायदे इतरत्र झालेत. स्वीडनच्या २००९च्या भाषा कायद्यानं सरकारी भाषा सोपी आणि समजेल अशी असावी, असं बंधन घातलं. अमेरिकेत २०१०मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पण त्यात मेख अशी की तो पाळला नाही म्हणून कोर्टात जाता येत नाही. नुसती नक्कल करायची तर ही मेखही आपल्याकडे येईल. उलट आपल्याकडे दात असलेला नमुना तयार आहे. २०१५चा लोकसेवा हक्क अधिनियम घ्या. अधिसूचित, म्हणजे सरकारनं यादीत जाहीर केलेली, सेवा सबळ कारण नसताना वेळेत दिली नाही, तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. उशिराला दंड आहे, न कळणाऱ्या कागदाला नाही.

वकील मित्र म्हणतील, सोपं लिहिलं की कायदेशीर अचूकता जाते. कलम जरूर लिहा, पण खाली लिहा. वर तारीख, ठिकाण आणि काय करायचं ते येऊ द्या. मघाच्या नोटिशीत अचूक तरी काय होतं?

आपल्या शहरात हा प्रश्न जास्त टोचतो. पूर्व भागात विडी वळणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरी तेलुगू बोलतात. दक्षिण सोलापूर, अक्कलकोटकडे कानडी. शिवाय उर्दू आहे. यातल्या अनेकांची मराठी बाजारातली, मुलांच्या शाळेतली. 'आधार कार्ड घेऊन शुक्रवारी या' हे त्यांना लगेच कळतं. 'आवश्यक कागदपत्रांसह समक्ष उपस्थित राहावे' म्हटलं की कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्यासमोर पैसे ठेवावे लागतात. त्या माणसावर माझा राग नाही, त्याचं पोट त्यावर आहे. पण सरकारचं म्हणणं सरकारच्याच दारात विकत घ्यावं लागतं! माहिती अधिकाराच्या २००५च्या कायद्यात, माहिती पोचवताना स्थानिक भाषा लक्षात घ्या, असं चौथ्या कलमातच म्हटलंय. ते कलम कचेऱ्यांच्या भिंतीवरच्या फलकांपलीकडे फारसं गेलेलं मला दिसत नाही.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. छापील नमुना मंजूर करण्याआधी तो ज्यांना जाणार आहे त्यांच्यातल्या पाच-दहा जणांना वाचायला द्या, आणि आता तुम्ही काय कराल, असं विचारा. त्यांना सांगता आलं नाही तर नमुना परत. आणि दुसरी, जी काही अधिकाऱ्यांना अजिबात आवडणार नाही: ज्या नोटिशीत मुदतीचे दिवस आणि हरकत देण्याचं ठिकाण स्पष्ट लिहिलेलं नाही, तिची मुदत सुरूच झाली नाही असं कायद्यानं धरावं. तेवढी एक तरतूद आली, की सगळ्या नस्त्यांमधले जुने मसुदे एका महिन्यात बदलतील.