खडीच्या रस्त्यावरचा बर्फ

[दृश्य: पहाटेचा अंधार. झाडांमधून घराकडे जाणारी पांढरी वाट. लांबून ट्रॅक्टरचे दिवे.]

अमेरिकेत मिशिगन राज्याच्या पार उत्तरेला किविनॉ नावाचं द्वीपकल्प आहे, लेक सुपीरिअरच्या पाण्यात लांबवर घुसलेलं. कॅनडाकडून येणारा गार, कोरडा वारा या सरोवरावरून वाहताना खालच्या पाण्याची ऊब आणि वाफ घेतो, आणि किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर ती बर्फ होऊन उतरते. १९७८-७९च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे. साडेबत्तीस फूट! महामार्ग ४१च्या कडेला हा आकडा दाखवणारी उंच पट्टी उभी केली आहे.

महामार्ग साफ करायला सरकारी गाड्या येतात. तिथून घरापर्यंतचा रस्ता मात्र ज्याचा त्याने मोकळा करायचा. गावाबाहेर हा रस्ता बहुतेक वेळा खडीचा असतो.

[दृश्य: ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला स्नोब्लोअर, जवळून.]

पुढे पातं लावून बर्फ बाजूला लोटता येतो, पण जानेवारीपर्यंत कडेचे ढीग दगडासारखे घट्ट होतात आणि लोटायला जागाच उरत नाही. म्हणून हा स्नोब्लोअर. आपल्याकडचा रोटाव्हेटर ज्या पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतो, त्याच पीटीओवर हाही चालतो, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर. समोरचा आडवा स्क्रू बर्फ कापून मधोमध आणतो, त्यामागचा पंखा तो नळकांड्यातून लांब भिरकावतो.

डांबरावर ब्लोअरच्या तोंडाची ही खालची पोलादी धार रस्त्याला टेकवून चालवली तरी चालते. खडीवर तसं केलं की बर्फाबरोबर दगडही आत जातात आणि नळकांड्यातून सुटतात. गाडीची काच फोडायला एवढा वेग पुरेसा आहे. माणूस समोर असेल तर काय होईल, ते सांगायची गरज नाही.

[दृश्य: नोव्हेंबर. खडीवर पातळ बर्फ, त्यावरून ट्रॅक्टर नुसताच फिरतोय.]

म्हणून इथले जाणकार पहिला बर्फ उचलतच नाहीत. त्यावरून ट्रॅक्टर, गाडी, जे असेल ते फिरवून तो दाबून घेतात. रात्रीच्या थंडीत त्याचा कडक थर बनतो आणि खडी त्याखाली बंद होते. पुढचा सगळा हिवाळा ब्लोअर या थरावरून चालतो. खडी दिसेपर्यंत रस्ता साफ करायचा हट्ट सोडणं, हेच या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य आहे.

थर बनेपर्यंत ब्लोअर वर धरावा लागतो. दोन्ही बाजूंचे स्किड शू, म्हणजे ब्लोअरला टेकू देणाऱ्या घसरपट्ट्या, खाली उतरवले की धार जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर राहते. टॉप लिंकने, म्हणजे ट्रॅक्टर आणि ब्लोअरला जोडणाऱ्या वरच्या दांड्याने, कोन असा ठेवायचा की धार खाली रुतणार नाही. काही जण लोखंडी पाइप लांबीत चिरून धारेवर बसवतात. गोल कड खडीवरून घसरत जाते. साधी, स्वस्त आणि खरोखर उपयोगी युक्ती आहे ही.

[दृश्य: चालक मागे वळून पाहत ट्रॅक्टर मागे घेतोय. अचानक कडाड् असा आवाज.]

हा आवाज शिअर बोल्टचा. दगड स्क्रूत अडकला, बोल्ट तुटला, गिअरबॉक्स वाचला. तो तुटण्यासाठीच बसवलेला असतो. म्हणून त्याच्या जागी हाताला सापडेल तो जास्त कडक बोल्ट ठोकू नये. पुढच्या दगडाला बोल्ट टिकेल आणि गिअरबॉक्स जाईल.

आता नीट बघा. आधी पीटीओ बंद. मग इंजिन बंद. किल्ली खिशात. सगळं फिरायचं थांबल्यावरच चालक खाली उतरतो. दगड काढतो, स्क्रू हाताने फिरवून दोन्ही भोकं समोरासमोर आणतो आणि नवा बोल्ट घालून नट आवळतो. ओल्या बर्फाने नळकांडं तुंबलं तरी हाच क्रम, आणि आत हात नाही, काठी घालायची. पीटीओचा शाफ्ट सेकंदाला नऊ फेरे घेतो. जॅकेटची दोरी त्यात सापडली तर माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

[दृश्य: रस्त्याच्या कडेला रोवलेल्या उंच काठ्या, वर चकाकणाऱ्या पट्ट्या.]

या काठ्या जमीन गोठण्याआधीच रोवून ठेवायच्या. सगळं पांढरं झालं की रस्ता कुठे संपतो आणि चर कुठे सुरू होतो, हे त्याच सांगतात. नळकांड्याचं तोंड वारा येतो त्या बाजूला असेल तर फेकलेला बर्फ परत अंगावर येतो, म्हणून ते नेहमी वारा जातो त्या दिशेने वळवायचं.

[दृश्य: वसंत. वितळता रस्ता, मधूनमधून उघडी खडी.]

सगळ्यात अवघड दिवस शेवटी येतात. थर दुपारी मऊ पडतो, चाकं रुततात, खडी पुन्हा मोकळी होते. अशा वेळी बर्फ पडलाच, तर पहाटे जमीन कडक असतानाच काम उरकायचं आणि ब्लोअर पुन्हा नोव्हेंबरइतका वर उचलायचा. एवढं करूनही थोडी खडी गवतात उडालेली असते. ती दाताळ्याने ओढून रस्त्यावर परत आणायची, पहिल्या गवतकापणीच्या आधी.